गरीब स्वभावाची, आणि अंडी देणारी

धाकटी चार वर्षांची असताना आमच्या कोंबड्यानं तिच्या गालात पायाचा काटा मारला. डोळ्याच्या खाली दोन बोटं. तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "जरा वर लागला असता तर मला इथं गारगोटी गावात काही करता आलं नसतं." ते वाक्य अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

कोंबड्याचं नाव शिपाई. माझ्या भावानं दिलेला, अंगात असीलचं रक्त. उंच पाय, ताठ मान, छाती काढून चालायचा. मीटर बघायला आलेल्या वायरमनला त्यानं एकदा पार रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं आणि आम्ही सगळे दारात उभं राहून हसलो होतो. नाव तेव्हाच पडलं. असील ही झुंजीची जात. लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्यातले भांडखोर तेवढे निवडून पुढे वाढवले, मग तो भांडणार नाही तर काय करणार? हसलो तेव्हाच शहाणे व्हायला हवं होतं. त्या रविवारी शिपायाचा रस्सा झाला. मला घास गेला नाही. आत्याबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि "मटण चिवट हाय" म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कोंबड्यांचं खातं त्यांच्याकडेच. मी दिवसभर मशीनवर असते, ब्लाउज शिवते. आमचे हे साखर कारखान्यात, पाळीप्रमाणे. म्हणजे खुराडं उघडणं, दाणा टाकणं, अंडी गोळा करणं हे सगळं एका वाकता न येणाऱ्या बाईच्या आणि एका शेंबड्या पोरीच्या हातात. तेव्हा टाके निघाल्यावर मी ठरवलं की आता कोंबडी घ्यायची ती आधी गरीब बघून, मग अंडी मोजून.

गाय-म्हैस घेताना आपण हे पहिलं विचारतो. "गरीब हाय का? पोरानं आचळाला हात लावला तर लाथ मारत न्हाई न्हवं?" बैल मारका निघाला तर बाजारात भाव पडतो. कोंबडी घेताना मात्र प्रश्न दोनच: वजन किती भरतं आणि अंडी किती देते. मी बाजारात एकाला विचारलं, "स्वभाव कसा आहे हो हिचा?" तर तो माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी कोंबडीची पत्रिका मागितली.

पहिली चूक स्वस्ताईची केली. पोल्ट्रीवाले अंड्यांच्या कोंबड्या साधारण बहात्तर आठवड्यांच्या झाल्या, की अंडी उतरली म्हणून काढून टाकतात. त्या पांढऱ्या लेअर कोंबड्या आठवडी बाजारात येतात. मी चार आणल्या. मूळ जात लेगहॉर्न, इटलीतली, पांढरं अंडं. हिच्यापासून तयार केलेल्या संकरित कोंबड्या वर्षाला ३०० च्या पुढे अंडी देतात, दुकानातलं पांढरं अंडं जवळजवळ सगळं यांचंच. म्हटलं, उतरती असली तरी चौघींची मिळून दिवसाला दोन मिळाली तरी झालं.

बिचाऱ्या जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या. चोची पुढून कापलेल्या, त्यामुळे जमिनीवरचा दाणा नीट उचलता येईना. दांडीवर बसायचं असतं हे माहीत नाही, रात्री चौघी कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसायच्या. अंडी मिळाली, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या आठवड्यापासून दीड-दोन रोज मिळाली. पण आत्याबाईंनी खुराड्याचं दार उघडलं की चौघी एकदम उडायच्या, वरच्या पत्र्यावर धाडकन आपटायच्या. एक तर त्यांच्या तोंडावरच आली. कुकरची शिट्टी झाली तरी तोच प्रकार. त्या कुणाला मारत नव्हत्या, पण गरीबही नव्हत्या. त्या भित्र्या होत्या.

तेव्हा मला हा फरक कळला. भित्री कोंबडी तुम्हाला इजा करणार नाही, पण स्वतः आपटून घेईल, अंडी तुडवेल, आणि घाबरली की दोन दिवस अंडं देणार नाही. मारकी तुमच्यावर येईल. गरीब म्हणजे तुम्ही जवळ गेलात तर जिथं आहे तिथंच राहते, हातात घेतली तर जरा कुरकुरते आणि गप्प बसते. मला ती तिसरी हवी होती.

मग शोध सुरू झाला. कडकनाथ कुणीतरी सुचवली. आमच्या भागात कडकनाथचं नाव काढलं की अजून लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे या कोंबडीच्या नावाने पैसे घेणाऱ्या योजनेत कितीतरी घरं पोळली. माझ्या नणंदेचेही गेले, त्यावर बोलायला बसले तर कोंबड्या राहतील बाजूला. कोंबडीचा त्यात काही दोष नाही. जात चांगली, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, काटक, मांस काळं. २०१८ साली त्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण अंडी वर्षाला ऐंशी ते शंभर, आणि अंडं काळं असतं हा निव्वळ गैरसमज. फिकट मातकट रंगाचं असतं. स्वभाव रानटीकडे झुकणारा. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या त्या संध्याकाळी आंब्यावर जाऊन बसतात. आत्याबाई आंब्यावर चढणार नाहीत.

गिरिराज आणि वनराज आमच्या गल्लीत तीन घरी आहेत, त्यामुळे त्या रोज बघायला मिळाल्या. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं काढलेली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. दोन्ही रंगीत, दिसायला गावरानसारख्या, आणि स्वभावानं खरंच गरीब. हलतडुलत चालतात, पोरं धरतात, उचलतात, काही करत नाहीत. पण मुळात अंगानं मोठ्या. खातात भरपूर, लठ्ठ झाल्या की अंडी कमी होतात, आणि पळता येत नाही. वनराजची अंडी वर्षाला शंभर-एकशे दहा, गिरिराजची एकशे तीस ते दीडशे. ज्यांना कोंबडा विकायचाय आणि अंडीही खायचीत त्यांच्यासाठी उत्तम. मला कोंबडे नकोच होते. त्याच हैदराबादच्या संस्थेची ग्रामप्रिया ही मुद्दाम अंड्यांसाठी काढलेली, अंगानं हलकी, परसात १६० ते १८० देते. मी तीच घेणार होते, पण त्या महिन्यात पिल्लं मिळाली नाहीत. जात निवडताना हेही असतंच. जी मिळते तिच्यातूनच निवडायचं.

मिळाली ती ऱ्होड आयलंड रेड. आमच्याकडे सगळे 'आरआयआर' म्हणतात, आत्याबाई 'तांबडी' म्हणतात. अमेरिकेतल्या त्या छोट्या राज्याचा हा राज्यपक्षीच आहे, असं लेकानं मोबाईलवर वाचून दाखवलं. कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात नाव नोंदवून मी एका दिवसाची वीस पिल्लं आणली. आणि काळी ऑस्ट्रॉलॉर्प एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून, सहा पिल्लं, तीन आठवड्यांची. ही ऑस्ट्रेलियातली जात. १९२२-२३ साली तिथल्या एका स्पर्धेत सहा कोंबड्यांच्या एका गटानं वर्षभरात १८५७ अंडी दिली होती, म्हणजे कोंबडीमागे तीनशेच्या वर. माझ्या परसात तेवढी कधी मिळणार नव्हती, हे मला माहीत होतं. पण ती विकणारा शेतकरी स्वतःहून म्हणाला, "ताई, ही गाय आहे गाय." स्वभावाबद्दल आपण होऊन बोलणारा तो पहिला माणूस.

एका दिवसाची पिल्लं घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नर-मादी वेगळी करून देत नाहीत. वीसमधले अकरा कोंबडे निघाले. पाच-सहा आठवड्यांनी ज्यांचा तुरा लवकर लाल आणि मोठा व्हायला लागला ते सगळे नर, हे आत्याबाईंनी आधीच बोट दाखवून सांगितलं होतं. मी चार महिने त्यांना फुकट खाऊ घातलं. पाचव्या महिन्यात त्यातल्या दोघांनी माझ्या साडीच्या निऱ्यांवर उड्या मारायला सुरुवात केली, तेव्हा सगळे एका दिवसात विकले. मादी कितीही गरीब असो, त्या जातीचा कोंबडाही तसाच असेल असं धरून चालू नका.

"आणि कोंबड्याबिगर अंडी कशी देतील?" हा प्रश्न मला आत्याबाईंनी विचारला, शेजारणीनं विचारला, आणि आमच्या ह्यांनीही विचारला, बारावी सायन्स होऊन. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. अंड्यासाठी नाही. आपलं दुकानातलं अंडं बिनकोंबड्याचंच असतं.

वाढवण्याबद्दल थोडं सांगते, कारण अर्धा स्वभाव जातीचा आणि अर्धा हाताचा, असं माझं मत झालंय. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर माझ्याकडे नव्हता. पत्र्याचं गोल कडं, खाली भाताचं तूस, वर कागद, आणि शंभरचा बल्ब. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर बरोबर. लाईट गेली की आत्याबाई रॉकेलचा कंदील घेऊन बसायच्या. तरी दोन गेली. पाचव्या-सहाव्या दिवशी मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस, डोळ्यात एकेक थेंब. ही लस देताना प्रत्येक पिल्लू हातात घ्यावंच लागतं, तिथून मला कल्पना सुचली. मी रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की दहा मिनिटं कड्यापाशी बसायचे आणि तळहातावर कणी घेऊन हात खाली ठेवायचे. वरून हात घातला की पिल्लं पांगतात. वरून येते ती घार, हे त्यांना जन्मतः ठाऊक असतं. हात जमिनीलगत सरकवत नेला तर येतात. चौथ्या दिवशी एक काळं पिल्लू हातावर चढलं आणि झोपलं. धाकटी श्वास धरून बघत होती.

गालावरच्या खुणेमुळे ती कोंबडीच्या जवळ जाईल असं मला वाटत नव्हतं. तिनंच त्या पिल्लाचं नाव डांबरी ठेवलं.

मोठी कोंबडी विकत घेणार असाल तर मात्र आत्याबाईंची पद्धत बघा. त्या बाजारात कोंबडी उलटी टांगून कधी बघत नाहीत. डाव्या काखेत धरतात, आणि उजव्या हाताची बोटं मागे, शेपटीखाली, दोन बाजूंना जी टोकदार हाडं लागतात त्यांच्यामध्ये ठेवतात. दोन-तीन बोटं आरामात बसली आणि हाडं जरा लवचिक लागली तर अंड्यावर आहे. एकच बोट बसलं तर एकतर तलंग आहे, अजून सुरू व्हायचीय, नाहीतर बंद झालेली. मग तुरा: लाल, गरम, गुबगुबीत. आणि ज्यांचे पाय मुळात पिवळे असतात त्या जातीत पायांचा रंग. अंडी देत गेली की पिवळेपणा बलकात जातो आणि अंगावरून उतरत जातो. आधी मागचा भाग, मग डोळ्याची कड, चोच, आणि सगळ्यात शेवटी पाय. बरीच अंडी दिलेल्या तांबडीचे पाय फिके, धुतल्यासारखे दिसतात. बाजारात लोक पिवळेधमक पाय बघून "काय तेज आहे" म्हणतात आणि बसून खाणारी कोंबडी घरी आणतात. ऑस्ट्रॉलॉर्पचे पाय काळपट, तिथं ही खूण चालत नाही.

हे सगळं बघून होईपर्यंत ती काखेतली कोंबडी काय करते, ती माझी परीक्षा. मिनिटभर धडपडून सैल पडली तर घ्यायची. सतत फडफडत राहिली, चोच उघडून धापा टाकत राहिली तर परत द्यायची, बोटं चार बसली तरी.

आता दोन्ही जातींबद्दल, चार वर्षांच्या अनुभवावरून.

तांबडी सहाव्या महिन्यात अंड्यावर आली. अंडं छान तपकिरी, जाड कवचाचं. (तपकिरी म्हणजे गावरान, हा समज सोडून द्या. पोल्ट्रीतही तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या आहेत, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवणारे महाभागही आहेत.) काटक इतकी की आमच्या भुदरगड तालुक्याचा पाऊस तिनं सर्दीशिवाय काढला. माणसाला अजिबात भीत नाही. पण ती गरीब आहे असं मी म्हणणार नाही. ती धीट आहे. दाण्याच्या परातीत पहिली घुसणार, दुसरीच्या डोक्यावर टोच मारणार, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन माझ्याकडे रोखून बघणार. त्यातल्या सगळ्यात दांडग्या कोंबडीचं नाव पाटलीण. पाटलिणीनं काळ्या कोंबड्यांना पहिले सहा महिने अंड्याच्या खोक्यात बसू दिलं नाही. मी खोकी दोनाची चार केली, परात एकाची दोन केली, तेव्हा भांडणं निम्मी झाली. म्हणजे स्वभावाचा दोष कधी कधी जागेचा असतो.

काळी ऑस्ट्रॉलॉर्प खरी गरीब. उन्हात बघा तिला. नुसती काळी नाही, पंखावर हिरवी झाक मारते, भुंग्याच्या पाठीसारखी. आवाज कमी. अंडं घातल्यावर तांबडी सगळ्या गल्लीला ओरडून सांगते, डांबरी दोनदा कॉक-कॉक करून गप्प. आत्याबाई अंडी काढताना ती खोक्यातच बसून राहते, त्या तिच्या पोटाखाली हात घालतात आणि अंडं काढून घेतात. वाकावं लागू नये म्हणून खोकी कंबरेच्या उंचीवर, भिंतीला लावली आहेत. उन्हाळा मात्र तिला सोसत नाही. काळा रंग, दाट पिसं. एप्रिलमध्ये चोच वासून बसते. आम्ही मातीच्या परळात पाणी ठेवतो, पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो आणि दुपारी त्यावर पाणी मारतो.

अंड्यांचा हिशेब मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, वर दुधाचा आकडा, खाली अंड्यांचा. त्यातून एक गंमत कळली. डांबरीचं अंडं आज आठला, उद्या नऊच्या सुमारास, परवा अकराला, असं पुढं पुढं सरकत जायचं आणि मग एक दिवस खाडा. अंडं तयार व्हायला पंचवीस तासांच्या आसपास लागतात, त्यातले वीस तर नुसत्या कवचाला. रोज तास-दोन तास उशीर होत होत दुपार उलटते, मग कोंबडी तो दिवस सोडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी. म्हणजे आळशीपणा नाही, घड्याळ आपलं चुकीचं. डिसेंबरात आकडे खाली येतात. दिवस लहान, आणि कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा तास तरी उजेड लागतो. शेजारची बल्ब लावते. मी नाही लावत. पिसं गाळून त्यांना जरा विसावा मिळू दे, असं मला वाटतं. बाई आहे, समजतं.

आकड्यात बोलायचं तर सलग पहिल्या वर्षी तांबडी कोंबडीमागे दोनशेच्या थोडी वर, काळी दोनशेच्या थोडी खाली. फरक महिन्याला दोन-तीन अंड्यांचा. तेवढ्यासाठी मी डांबरीची पाटलीण करणार नाही.

पण गरिबीची किंमत असते, तीही लिहिली पाहिजे. कोंबडी अंड्यावर आली की माणूस जवळ गेल्यावर पंख किंचित पसरून खाली दबते, उचलून घ्या म्हणावं तशी. धाकटीला वाटतं तिच्यावरच्या मायेनं. खरं तर ते कोंबड्यासाठीचं दबणं असतं, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. काळ्या सहापैकी चार माद्या होत्या. दुसऱ्या वर्षी, भर दुपारी, मी मशीनवर असताना, परड्यातल्या शेणकुडाच्या ढिगामागून मुंगूस आला. तांबड्या बोंबलत गोठ्यात पळाल्या. जांभळी नावाची काळी कोंबडी पळाली नाही. आत्याबाईंनी ओट्यावरून बघितलं. त्या म्हणाल्या, ती बसली खाली, नुसती बसली. त्या काठी टेकत पोचेपर्यंत मानेला धरून ओढत नेली होती.

मी आठ दिवस स्वतःला दोष देत राहिले. हातावर दाणे देऊन मीच त्यांची भीती घालवली असं वाटायचं. आत्याबाईंनी एका वाक्यात विषय संपवला: "घरात एक तरी कजाग बाई लागतीच." आणि बाजारातून दोन गावरान कोंबड्या आणल्या.

गावरान वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यातही पंधरा-वीस घातली की खुडूक होते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. गरीब तर नाहीच, हात लावू देत नाही. पण घारीची सावली दिसली की घशातून असा लांब, बारीक सूर काढते, की बाकीच्या सगळ्या, डांबरीसुद्धा, तगरीच्या झुडपाखाली जातात. तेव्हापासून दिवसाउजेडी एकही गेलेली नाही. रात्रीसाठी खुराड्याला बारीक जाळी आहे आणि खाली फरशी. मुंगूस आणि घूस दोन्ही उकरून येतात.

शिवाय तिचं खुडूक होणं आमच्या कामाला येतं. तांबडीला अंडी उबवायची आठवणच राहिलेली नाही, अंड्यांसाठी निवडत निवडत माणसानं ती काढून टाकली. काळी कधीमधी बसते. पण गावरान बसली की एकवीस दिवस उठत नाही, दाण्यापुरती पाच मिनिटं तेवढी. आम्ही तिच्याखाली त्या शेतकऱ्याकडून आणलेली काळ्यांची कोंबड्यावरची, म्हणजे पिल्लं निघणारी, अंडी ठेवतो, दहा-बारा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर आहे, स्वच्छ दिसलं तर काढायचं. गेल्या माघात अकरातली नऊ निघाली. कजाग आईच्या पोटाखाली गरीब पिल्लं. ती त्यांना माझ्या हाताशी येऊ देत नाही, मग मी तिलाच दाणे टाकत बसते, आणि पिल्लं मागून येतात.

सध्या खुराड्यात तांबड्या पाच, जुन्या काळ्या तीन, गावरान दोन, आणि माघातल्या पिल्लांपैकी चार तलंगा. रोज सात-आठ अंडी. श्रावणात घरात कुणी खात नाही तेव्हा टोपली भरून उरतात, त्या पैशात मेअखेरीपर्यंतचा मका येतो. नवीन सुरू करणाऱ्याला मी एवढंच सांगेन, चार काळ्या घ्या आणि एक गावरान. तांबडी घ्यायची तर परात दोन ठेवा.

पाटलिणीनं सहा महिन्यांत अंडं दिलेलं नाही. पाय पुन्हा हळदीसारखे पिवळे झालेत, बोट एकच बसतं. हिशेबानं तिची वेळ झाली, आणि अंडी न देणारी कोंबडी खुराड्यात ठेवायची नाही हा नियम आत्याबाईंचाच. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्या पायरीवर बसल्या होत्या आणि पाटलीण त्यांच्या पदराशी. "आमुशा हुंद्या, मग बघू," म्हणाल्या.

तीन आमुशा झाल्या.